नडग्यांवर पाणी

सागवानी पाट. घराच्या मागच्या भिंतीला टेकवून उभा. त्याच्या आडोशाला कोंबडीनं अंडं घातलेलं.

सिरसाळ्यात नऊ वाजले की तिकडं, किरगिझस्तानात, साडेनऊ.

दुधाच्या बाटलीच्या रबरी बोंडाचं भोक कात्रीनं मोठं केलेलं. दूध लवकर संपतं.

"तिकडं ऊस व्हतोय का?" राधाकिशनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, बर्फाच्या फोटोखाली.

सीताफळ आज नाही विकलं तर उद्या शेळीला.

घाण्याचं करडईचं तेल, पितळी वाटीत. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात.

वीस डिसेंबर.

*

बायनाबाई सिरसाळ्यातली न्हाऊ घालणारी बाई. गावात कुणाच्या घरी बाळ जन्मलं की पाचवी व्हायच्या आत तिला निरोप यायचा. ती सकाळी जायची, न्हाणीत पाटावर बसायची, लुगडं गुडघ्याच्या वर खोचायची, पाय लांब करायची आणि त्या दोन पायांच्या पन्हळीत बाळ पालथं घालायची. तेल, डाळीचं पीठ, मग पाणी. किंचाळत आलेलं पोर न्हाऊन निघालं की दुपारपर्यंत डोळा उघडत नसे. अशी तीस वर्षं. गावातल्या निम्म्या मिशावाल्यांचं ढुंगण मी पाह्यलंय, असं ती सरपंचासमोरसुद्धा म्हणायची, आणि सरपंच खाली मान घालून हसायचा, कारण तोही त्या निम्म्यातच होता.

रोहिणी तिची थोरली लेक. फिजिओथेरपी शिकली, अंबाजोगाईला एका दवाखान्यात आठ वर्षं लहान मुलांवर काम करते. ज्यांची मान धरत नाही, ज्यांचे हातपाय ताठ, अशी मुलं. दोन वर्षांमागं गावच्या अंगणवाडीत तिचं बोलणं ठेवलं होतं. लेक बोलणार म्हणून बायनाबाई नवं पातळ नेसून पहिल्या रांगेत बसली. रोहिणीनं फळ्यावर फुप्फुसं काढली. म्हणाली, बाळाच्या नाकात तेल घालू नका, कानात घालू नका, डोकं गोल व्हावं म्हणून दाबू नका. नाकातलं तेल श्वासाबरोबर आत जातं, बाळाला न्यूमोनिया होतो, अशी चार बाळं मी यंदा पाहिली.

नाव तिनं कुणाचंच घेतलं नाही. पंचवीस बायांनी एकदम मान वळवून पहिल्या रांगेकडं पाहिलं.

भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं. बायनाबाई घरी आली, तिनं पाट धुतला आणि मागच्या भिंतीला उभा केला. निरोप यायचे कमी झाले, मग थांबले. लेक सणाला यायची, मायच्या पाया पडायची, माय ताट वाढायची. दोघींत बोलणं व्हायचं ते एवढंच, की भाजीत मीठ आहे का, आणि आहे.

*

सप्टेंबरात रोहिणी चार महिन्यांसाठी किरगिझस्तानला गेली. आपल्याकडची पोरं तिकडं डॉक्टरकी शिकायला जातात, त्यामुळं देशाचं नाव गावाला पाठ होतं. पण ही शिकायला गेली नव्हती आणि नोकरीलाही नाही. आईबाप नसलेली, अंगानं अधू अशी तान्ही पोरं जिथं ठेवतात त्या घरात ती त्यांना व्यायाम द्यायला गेली होती, बिनपगारी. हे काही गावाच्या गळी उतरेना.

राधाकिशन, म्हणजे रोहिणीचा बाप, पिठाची गिरणी चालवतो. घराला लागूनच गिरणी. दळण घेऊन येणारा प्रत्येक माणूस त्याला एकच विचारायचा, की अशी लेकरं आपल्या बीडात कमी पडली का. पहिल्या दिवशी राधाकिशन नुसतं दळण घालत राहिला. दुसऱ्या दिवशी तो तयारीनं बसला होता. "हितं आठ वर्षं तेच करती ती. चार महिने तिकडं केलं तर बीड ओस पडंल व्हय?"

रोज सकाळी साडेआठला तिचा फोन यायचा, चित्रासहित. राधाकिशन गिरणीच्या आवाजात ओरडून बोलायचा. बायनाबाई चुलीपाशी पाठ करून बसायची आणि एकूण एक शब्द ऐकायची.

तिला कळलं ते असं, पाठमोरीनंच. त्या घरात चाळीस मुलं. त्यातली एक नुराय, पावणेतीन वर्षांची. जन्मताना गुदमरलेली, अंग ताठ, मुठी बंद. सगळं आयुष्य खाटेवर उताणी. तिथं तीन वर्षांपर्यंतचीच मुलं ठेवतात. वीस डिसेंबरला मोठ्या लोकांची समिती येणार. जे मूल आधारानं का होईना बसतं आणि चमच्यानं खातं, त्याला त्या घरात अजून एक वर्ष, आणि एखाद्या कुटुंबात जाण्याची संधी. जे बसत नाही, त्याला मोठ्या संस्थेत. ती डोंगरापलीकडं.

"तिथून कुणी माघारी येत नाही, आबा," रोहिणी म्हणाली. "मी विचारलं. एकही नाही."

त्या दिवशी बायनाबाईची भाकरी तव्यावर करपली.

*

आता ऑक्टोबरातली एक सकाळ.

गिरणीचा पट्टा निसटला. राधाकिशननं फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि तो पळाला. चित्र चालूच राहिलं. बायनाबाईनं मान वळवली. कुणी बघत नव्हतं.

एक खोली, पिवळी भिंत, जमिनीवर निळी गादी. गादीवर एक पोरगी. पोरगी कसली, ताणलेलं धनुष्य. डोकं आणि टाचा टेकलेल्या, मधलं सगळं अंग वर उचललेलं. रोहिणी गुडघ्यांवर बसून तिला कुशीवर वळवत होती. ती वळवी तसं पोरीचं अंग आणखी ताठ होई. लेकीच्या कपाळावर घाम होता. ती थांबायची, पोरीशी हळू काही बोलायची, पुन्हा हात लावायची. पुन्हा धनुष्य.

मग पांढरा डगला घातलेली एक जाडजूड बाई आली. चेहरा मायाळू, हात घाईत. चाळीस पोरं पाजायची होती तिला. तिनं पोरीला उचलून खाटेवर उताणं टाकलं, हनुवटी वर केली आणि बाटली तोंडात उलटी धरली. दूध भसाभसा चाललं. पोरगी गिळत नव्हती, दूध आपोआप खाली जात होतं. मग ती ठसकली. नाकातून दूध आलं. छातीतून घर्रघर्र असा आवाज आला, आणि तो आवाज फोनमधून, किरगिझस्तानातून, सिरसाळ्याच्या चुलीपर्यंत स्वच्छ ऐकू आला.

बायनाबाईच्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. नाकात तेलाचे दोन थेंब सोडले की बाळ असंच करायचं, अगदी असंच. ती म्हणायची, सर्दी सुटली.

"तिला उठीव आधी," ती म्हणाली. "बसती कर, बसती."

फोनमध्ये रोहिणी वळली. "माय?"

पट्टा बसला होता. राधाकिशन दारात येऊन उभा राहिला.

*

दुसऱ्या दिवशी रोहिणीनं आबांशी बोलायचं नाही म्हणून सांगितलं. मायला दे.

तिनं आडपडदा ठेवला नाही. तीन आठवडे झाले, नुराय गादीवर हात लावू देत नाही. अंग सैल पडत नाही तोवर मान उचलणार नाही, मान उचलत नाही तोवर बसणार नाही, बसत नाही तोवर त्या बायांना चमचा द्यायला सांगता येत नाही. आठ आठवडे राहिलेत. आणि मग विचारलं, की ताठ पोर तू पायांवर कसं घेतेस.

बायनाबाईनं दोन वर्षांचं साठवून ठेवलेलं बाहेर काढलं. "कावून? तुझ्या पुस्तकात न्हाई का ते?"

"पुस्तकात हाय," रोहिणी म्हणाली. "माझ्या पायात न्हाई."

सहा वर्षं बाहेर शिकून आल्यावर लेकीच्या तोंडात 'हाय' आलं ते बायनाबाईनं ऐकलं. पण ते तिनं दाखवलं नाही. बाळ असल्याशिवाय काय दाखवू, पाटावर उशी घेऊन बसू का, म्हणाली, आणि फोन राधाकिशनच्या हातात कोंबला.

*

बाळ गल्लीत होतं. शहजादीचं.

शहजादी फळांचा गाडा लावते, बायनाबाईच्या बरोबरीची. तिच्या मुलाला, आतिफला, बायनाबाईनंच न्हाऊ घातलं होतं. आता आतिफची मुलगी चाळीस दिवसांची झाली होती आणि बायनाबाईला बोलावणं आलं नव्हतं, कारण आतिफची बायको शाहीन अंगणवाडीतल्या त्या भाषणाला बसली होती, तिसऱ्या रांगेत, वही घेऊन.

तीस वर्षांत बायनाबाई कुणाच्या दारात न बोलावता गेली नव्हती. त्या सकाळी गेली. पाट काखेत. शहजादी सीताफळं निवडत होती. पिकलेली एका पाटीत, फुटलेली शेळीसाठी.

"काय भाभी, पाट विकायला काढला का?"

"बाळ पाह्यजे," बायनाबाई म्हणाली. "घंटाभर."

शहजादी एवढी हसली की हातातलं सीताफळ फुटलं. पण बायनाबाईनं सगळं सांगितल्यावर ती उठली आणि आत गेली. आत सासूसुनेची बरीच कुजबुज झाली. मग शाहीन दारात आली. वहीवाली पोरगी, डोक्यावर ओढणी, बाळ छातीशी घट्ट. तिनं अदबीनं पण सरळ सांगितलं, की नाकात तेल घालायचं नाही, कानात नाही, डोकं दाबायचं नाही.

शहजादी बाहेर येऊन दोघींच्या मध्ये उभी राहिली. आता बायनाबाई पाट उचलून चालती होणार, असं तिला वाटलं.

"न्हाई घालत," बायनाबाई म्हणाली. "चूक व्हती ती. काल डोळ्यानं पाह्यली."

*

रोहिणीच्या वहीतलं पान, शाहीनच्या न्हाणीतलं फोनवर बघत लिहिलेलं, जसंच्या तसं:

माय बोलत नाही, करत जाते. मी विचारलं तरच सांगते.
पाय जुळवलेले नाहीत, मध्ये चार बोटं जागा. पोट त्या जागेत उतरतं.
बाळाची कंबर उचलली जाते ती हातानं नाही, मायच्या गुडघ्यानं. एक गुडघा किंचित वर.
हात आधी पाठीवर नाही. आधी तळपायाला.
बाळाच्या रडण्याला उत्तर देत नाही. स्वतः काहीतरी पुटपुटत राहते. काय ते विचारलं, म्हणाली, कालचा हिशोब नाही की उद्याचा बाजार नाही, नुसतं तोंड चालू ठेवायचं, पोराला छातीचा आवाज पोचला पाहिजे.
शाहीन म्हणते, बाळ झोपलं. खरंच झोपलं.

*

आणि तरी तिकडं जमलं नाही.

रोहिणीनं गादीवर बसून पाय लांब केले, वहीतलं सगळं ओळीनं केलं, नुरायला पालथी घातली. धनुष्य उलटं झालं, एवढंच. डोकं मागं, टाचा मागं, किंकाळी. दोन दिवस, चार दिवस. पाचव्या दिवशी रोहिणीचा आवाज बारीक झाला. माय, माझ्यानं होत नाही बहुतेक, हे सगळ्यांना जमत नसेल.

बायनाबाईनं फोन डोळ्यांपाशी नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. तिला लेकीचा चेहरा नको होता. खाली दाखव, म्हणाली. आणखी खाली.

रोहिणीनं फोन पायांकडं केला. जाड काळी विजार, आत दुसरी, लोकरीचे मोजे.

"ह्या काय चड्ड्यांवर चड्ड्या चढवून बसलीस? पोर काय कापडावर ढिलं पडंल व्हय? त्याला माणूस लागावं लागतंय."

बाहेर बर्फ आहे, म्हणून रोहिणी काही सांगायला लागली, तर बायनाबाईनं तिला पुरं बोलू दिलं नाही. आणि मग तिनं ती गोष्ट सांगितली जी तिनं शाहीनच्या न्हाणीत केली होती, पण बोलली नव्हती, कारण ती करते हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. पाटावर बसल्याबरोबर, बाळ हातात घ्यायच्या आधी, ती पहिला तांब्या स्वतःच्या नडग्यांवर ओतते. ऊन ऊन. दोन तांबे. नडगी म्हणजे नुसतं हाड, ते सदा गार. गार हाडावर पोट टेकलं की चांगलं धडधाकट पोरसुद्धा आखडतं. हे तर आधीच आखडलेलं.

"आधी तू ऊन हो," बायनाबाई म्हणाली. "मग तिला घे."

त्या घराच्या मोठ्या बाईंची परवानगी काढायला तीन दिवस गेले. त्या हो म्हणाल्या, एका अटीवर: फोटो नाही, चित्रीकरण नाही. राधाकिशन हळहळला. गिरणीवर त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की उद्या दाखवतो.

त्यामुळं ते कुणीच पाहिलं नाही. बायनाबाईनंही नाही. तिनं फक्त ऐकलं. न्हाणीघराच्या खिडकीत फोन पालथा ठेवलेला. पाण्याचा आवाज. एक तांब्या, दुसरा. हे लेकीच्या नडग्यांवर. मग पोरीची किंकाळी, नेहमीची. मग रोहिणीची पुटपुट: अंबाजोगाई, घाटनांदूर, परळी, सिरसाळा, तेलगाव, गावांची नावं, एकामागं एक, एसटीच्या पाटीवर असतात तशी. तिसरा तांब्या. किंकाळी तुटली. चौथा.

खूप वेळ नुसतं पाणी.

"माय," रोहिणी म्हणाली, "मुठी उघडल्या."

*

इथून पुढचं काम रोहिणीचं, आणि ते बायनाबाईला येत नव्हतं. सैल पडलेल्या अंगाला मान उचलायला शिकवणं, कोपरावर टेकवणं, लाकडी खुर्चीच्या कोपऱ्यात उशा लावून बसवणं, हनुवटी खाली ठेवून चमचा खालच्या ओठावर टेकवणं आणि थांबणं. पोरगी स्वतः ओठ मिटेपर्यंत थांबणं. पांढऱ्या डगल्यावाली बाई, तिचं नाव गुलनारा, पहिल्यांदा हे पाहून वैतागली. एवढ्या वेळात मी सहा पोरं पाजते, म्हणाली. मग एकदा तिनं नुरायच्या छातीला कान लावला. घर्रघर्र नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिनं कात्री लावलेली रबरी बोंडं टाकून द्यायला घेतली.

सिरसाळ्यात बायनाबाई रोज सकाळी शहजादीकडं जात होती. ठरलं होतं एका तासाचं, एका दिवसाचं; झाला दीड महिना. शाहीननं आपल्या मावसबहिणीला सांगितलं, तिनं जावेला. अटी सगळ्या आधीच पोचलेल्या असायच्या. एका घरची आजी मात्र अडून बसली, नाकात दोन थेंब घाल, आमच्यात घालतात म्हणून. बायनाबाईनं लुगड्याचा खोचा सोडला, पाट उचलला. "मंग तुमीच घाला न्हाऊ." आजी तिच्यामागं गल्लीच्या तोंडापर्यंत आली.

राधाकिशनकडं फोटो नव्हता, म्हणून तो तोंडानं सांगायचा. दळण घेऊन आलेल्या माणसाला आधी तांब्याची गोष्ट ऐकावी लागे, मग पीठ मिळे. पंडित न्हावी म्हणाला, राधाकिशन, आता तुझी गोष्ट दळणापेक्षा बारीक झाली. तरी तो ऐकत थांबला.

*

वीस डिसेंबरला फोन साडेआठला आला नाही. नऊला नाही. दहाला राधाकिशननं गिरणी बंद केली. अशी ती फक्त वीज गेल्यावर बंद होते. बायनाबाई तांदूळ निवडत बसली. निवडलेले तांदूळ तिनं पुन्हा सुपात घेतले.

साडेबाराला आला.

रोहिणीनं ओळीनं सांगितलं, दवाखान्यात सांगतात तसं. समितीत पाच जण. नुरायला कोपऱ्याच्या खुर्चीत बसवलं. मान तिनं स्वतः धरली, मधूनच कलत होती, पण सावरत होती. लापशी दिली. अकरा चमचे गेले. बाराव्याला ठसकली. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली, तेव्हा आता संपलं असं वाटलं. पण नुराय खोकली, थांबली, आणि तोंड उघडून तिनं पुन्हा चमच्याकडं पाहिलं. ती त्या घरात राहणार. एक वर्ष नक्की. कुटुंबात द्यायच्या मुलांच्या यादीत नावही घेतलं.

राधाकिशन फोन तसाच धरून रडायला लागला, त्यामुळं चित्रात रोहिणीला बराच वेळ गिरणीचं छप्पर दिसत होतं.

मग ती म्हणाली, माय, अजून एक. समितीला कागद द्यावा लागतो, मुलावर काय काय केलं त्याचा. त्यात एक रकाना असतो, ही पद्धत कुणाकडं शिकलात. तिथं मी नाव लिहिलं. सौ. बायनाबाई राधाकिशन, मुक्काम सिरसाळा, तालुका परळी, जिल्हा बीड. अनुभव तीस वर्षं. त्यांनी ते त्यांच्या अक्षरात उतरवून घेतलं. त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, या कोण.

"माय म्हणून सांगितलंस?" बायनाबाईनं विचारलं.

"न्हाई. माझ्या गुरू म्हणून सांगितलं."

बायनाबाईनं सूप बाजूला ठेवलं. पदर नीट केला, जणू ते पाच जण खोलीतच बसले होते. राधाकिशनला वाटलं, आता ही रडणार, आणि त्यानं फोन तिच्याकडं वळवला.

"बारावा चमचा कुणी दिला?" बायनाबाई म्हणाली.

"गुलनारानं."

"मंग घाई केली आसंल. तिला सांग, अकराव्यानंतर पोराला दम घिऊ द्यायचा. लोकं बघत बसली म्हणून काय झालं."

रोहिणी हसली. हो, सांगते, म्हणाली, आणि वहीत लिहून घेतलं.

*

न्हाऊ घालायचं हे काम बायनाबाई रोहिणीवर शिकली. त्याआधी तिनं एकही बाळ हातात धरलेलं नव्हतं.